दोन किलोमीटरच्या आत

अ‍ॅप म्हणतं : दयानंद, त्रेचाळीस,
दोन किलोमीटरच्या आत.

दोन किलोमीटरच्या आत तर माझं सगळंच आहे.
रक्त तपासायची लॅब, जिथे मी शिफ्ट करते,
आईच्या मोतीबिंदूचा डॉक्टर, गॅसचं गोडाऊन,
आणि मी नाही म्हटलेला तो बँकेतला मुलगा.
त्याची पोरगी यंदा दहावीला.

फोटोत हा गडावर उभा आहे.
इथला प्रत्येक पुरुष गडावरच उभा असतो,
खाली पिंपरी-चिंचवडात कुणी राहतच नाही जणू.
आवडी : प्रवास, जुनी गाणी, साधी माणसं.
माझ्याही त्याच लिहिल्यात.
माझ्या फोटोतून मी बहिणीला कापलंय,
तिचा हात राहिलाय माझ्या खांद्यावर,
बांगड्यांसकट.

अंगठा डावीकडे. डावीकडे. उजवीकडे.
बाबांचं कार्ड असंच होतं, पुठ्ठ्याचं.
गेटवरच्या घड्याळात सारायचं, खट्.
उशीर झाला की आकडा तांबडा.
माझं एकेचाळीस कुठल्या शाईत उमटलं असेल,
कोण जाणे.

भेटलो मॉलमध्ये.
सरकत्या जिन्यापाशी तो म्हणाला,
"इथे गेट नंबर दोन होतं."
म्हटलं, "माहितीये."
मग तो हसला. फोटोतल्यापेक्षा जाड, आणि बरा.
दोघांचेही बाबा एकाच कंपनीत!
खंडेनवमीला पोरांना आत सोडायचे,
लेथला झेंडूच्या माळा, प्रेसला हळदकुंकू,
हातात पेढ्याचा पुडा, चपलेला ऑइल.
म्हणजे आपण तेव्हाच भेटलो असू, तो म्हणाला,
तू रडणारी होतीस का?
मी म्हटलं, मी पेढे मोजणारी.

कॉफी निम्मी झाल्यावर त्याने विचारलं,
सहज, साखर मागावी तसं :
"संपात तुझे बाबा बाहेर होते, की आत?"

आत.
जाळी लावलेल्या बसमधून जायचे,
मान खाली, डबा मांडीवर.
एकदा जाळी चुकवून दगड आला
आणि डब्याला पोचा पडला.
त्यात आम्ही अजून मेथीदाणे ठेवतो.

त्याचे बाहेर. अकरा महिने.
स्टेशनसमोर हातगाडी, केळी.
संप मिटला, त्यांना काही परत घेतलं नाही.
"दगड," तो म्हणाला,
आणि पुढचं कॉफीबरोबर गिळलं.

बिल आलं. दोघांनीही हात घातला.
एकशे साठ त्याचे, एकशे साठ माझे.
इतका चोख हिशेब
परक्यांतच जमतो.

रिक्षात बसून अ‍ॅप उघडलं.
एक किलोमीटर.
सिग्नलला थांबलो तरी वाढलं : दोन.
तोही चाललाच होता की.

आईने विचारलं, कसा आहे?
जाडा.
आणखी?
लोंढे.
आईचा हात परातीत थांबला.
"इंजिन शॉपचे लोंढे? उंच, घारे?"
मी पदराआड काही दिसतं का बघत होते.
"दर गुरुवारी केळी घ्यायचे मी त्यांच्याकडून,"
ती कणकेला म्हणाली,
"तुझ्या बाबांना सांगितलं नाही कधी.
एक डझन मागितली की चौदा द्यायचे.
त्यांना ठाऊक होतं मी कुणाची बायको ते."

खिडकीतून मॉलची निळी पाटी दिसते.
भोंगा बंद पडून वीस वर्षं झाली,
तरी आई अकराला दूध विरजते,
सेकंड सुटायच्या वेळेला.

तेवढ्यात फोन थरथरला.
"उद्या फर्स्ट, की सेकंड?"

खूप वेळ नुसतं बघत राहिले.
मग लिहिलं, "थर्ड. परवा सकाळी सातला सुटते."
तीन टिंबं हलली, थांबली, पुन्हा हलली.

केळ्यांचं लिहिलं नाही.
ते समोर बसूनच सांगेन.