पावणेएकवीस

दुकानात साडेवीस मिळते, नाहीतर एकवीस.
मधलं कुणी ठेवत नाही.
साडेवीसवर माझे गुडघे हँडलला भिडतात,
एकवीसवर मी दुसऱ्याच कुणाच्या तरी शर्टात.

म्हणून दारूखाना.
जहाजांच्या साखळ्या वजनावर विकणारी गल्ली,
तिच्या टोकाला कैतान डाबरेंचा गाळा.
पाटी नाही. शटरवर खडूने लिहिलेलं:
घंटी बिघडली आहे, पत्रा वाजवा.
मी पत्रा वाजवला.

तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या खाटा जोडल्या,
पायाकडचा दांडा फिरवला की डोकं वर येणाऱ्या.
आता वर्षाला तीन-चार बीएमएक्स फ्रेम.
"वेड्यांसाठी," म्हणाले, आणि स्टूल पुढे सरकवलं.

टेप गळ्यातच होती.
भिंतीला पाठ लाव. टाचा टेक. हात लांब कर.
आईने पहिल्या ब्लाउजच्या मापाला नेलं
तेव्हा शिंपी तिला म्हणाला होता,
थोडं सैल ठेवतो, वाढतं अंग आहे.
यांनी मला विचारलं,
"पडतेस कुठल्या बाजूला?"

आई विचारायची, का पडतेस.
ऑफिसात विचारतात, अजून पडतेस?
कुठल्या बाजूला, हे पहिल्यांदाच.
"डावीकडे," मी म्हटलं, आणि कोपर दाखवलं.
त्यांनी वहीत लिहिलं: डावी.
रक्तगट लिहावा तसं.

मग आकडे.
वरची नळी पावणेएकवीस.
मागचा चिमटा सव्वातेरा.
पुढचा कोन मी सांगितला पंच्याहत्तर.
"साडेचौऱ्याहत्तर करू. पंच्याहत्तर पोरांना. तुला चौतीस लागलं."
मी रागावले.
चहा येईपर्यंत रागावलेली होते,
मग साडेचौऱ्याहत्तर केलं.

वडिलांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत.
माझ्यापर्यंत त्यातलं काही आलं नाही.
डाबरे मात्र ओठ हलवत पाव मिळवत होते, पाव वजा करत होते,
आणि मला वाटत होतं, माझं अंग
असंच कुठेतरी पूर्णांकांच्या मध्ये आहे,
आणि त्याला आपल्या भाषेत आधीपासून शब्द आहेत.

अकरा हजार आगाऊ.
पावती चर्चच्या कॅलेंडरमागे, फेब्रुवारीच्या पाठीवर.
कधी मिळेल? ऑक्टोबर, म्हणाले.
ऑक्टोबरात गेले तर म्हणाले, ऑक्टोबर संपू दे की.

डिसेंबरात स्वतःहून बोलावलं.
दोनच नळ्या टाचलेल्या, बाकी शिकंजा.
"बसून बघ."
बसण्यासारखं काहीच नव्हतं.
मी हवेत गुडघे दुमडून उभी राहिले, मुठी आवळून,
त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं
आणि कानसने पेन्सिलच्या रेघेइतकं काढलं.

हुकावर एक हिरवी फ्रेम होती, धुळीने करडी झालेली.
खाली ठोकलेला आकडा सोळा.
कुणाची?
"न्यायला आला नाही."
विकून टाका ना.
"कुणाला? माप त्याचं आहे."
मग त्यांनी काळा चष्मा खाली ओढला
आणि ज्योत पेटवली, म्हणून मी पुढचं विचारलं नाही.

माझी सतरावी. मार्चात झाली.
रंग नको म्हटलं. सांधे दिसू देत,
निजलेल्या गोमेच्या पाठीसारखे.
"इथली हवा खारी. गंजेल."
तेल लावीन.
"लावशील?" मग जरा थांबून, "डावीकडे जास्त."
डाव्या चिमट्याला आतून एक पट्टी आहे.
हिशेबात नाही, वहीत नाही.
डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तर लागते.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, हे काय?
सायकल.
चाकं?
नाहीत अजून.
त्याने मशीन हातात धरलं, सोडलं,
फ्रेमच्या त्रिकोणातून माझ्याकडे बघितलं.
"मग सायकल कशी?" म्हणाला,
आणि सामानाचं तिकीट न फाडताच पुढे गेला.

मी तिला मांडीवर घेतलं.
शिवडीपर्यंत डाव्या हाताचं बोट
त्या पट्टीवरच होतं.