पीळ

तपासणी केंद्रातल्या पोराने बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून
गाडी खाली दाबली, आणि सोडली.
तीनदा डुलली.
"एकदाच डुलायला हवी," म्हणाला,
आणि कागदावर लाल फुली.

कुह्मोच्या उत्तरेचे रस्ते मे महिन्यात रस्ते नसतातच.
जमिनीच्या पोटातलं बर्फ निघून जातं,
जाताना वरची खडी उसवून जातं.
त्यावरून मी रोज नव्वद किलोमीटर हिंडते,
म्हाताऱ्यांच्या मलमपट्ट्या, रक्तदाब, इन्सुलिन.
एक्क्याण्णव वर्षांची साइमी म्हणते,
तुइरे, तू दिसायच्या आधी तुझी गाडी कण्हताना ऐकू येते,
मला वाटतं, पेशंटच आला.

शनिवारी शेडमध्ये गाडी जॅकवर चढवली,
खाली स्टँड, मागच्या चाकांना दगड.
पुढचं चाक काढलं. आत
गंज, चिखल, रस्त्यावरच्या मिठाची पांढरी साय,
आणि डाव्या शॉकच्या अंगावरून खालपर्यंत
तेलाचा जुना ओघळ.
उजवा कोरडा होता. तरी तोही बदलायचा.
एक नवा, एक जुना असला
की ब्रेक मारताना गाडी कुणा एकाची बाजू घेते.

खालचे दोन बोल्ट हलेनात.
तेल मारलं, कॉफी प्यायले, परत तेल मारलं.
पान्यावर पाइप चढवून त्याला लोंबकळले अक्षरशः,
सत्तावन्न वर्षांची बाई, ड्यूटीच्या विटक्या पँटमध्ये,
तेव्हा पहिला असा कडाडला
की छपरावरचा कावळा उडाला.
दुसरा शिव्यांनी सुटला.

शॉक बाहेर आला, त्याच्याभोवती स्प्रिंग.
वरचा मधला नट मात्र असाच सोडायचा नसतो.
स्प्रिंग आधी दोन बाजूंनी शिकंज्यात धरून आवळायची,
नाहीतर ती जबडा घेऊन जाते.
असा एक जबडा मी ड्यूटीवर शिवताना पाहिलाय.

दोन बाजूंनी.
माझ्याकडे शिकंजा एकच.

वडिलांच्या मागे वाटण्या झाल्या तेव्हा
एन्सिओ आणि मी असे काही पेटलो होतो
की नाव त्याला, वल्ही मला;
आणि शिकंज्यांची जोडी टेबलावर आली
तेव्हा वकील काही बोलायच्या आत
आम्ही एकेक उचलला.
त्याला अकरा वर्षं झाली.
तो चारशे पावलांवर राहतो.

लगेच गेले नाही. आधी सामान बांधायच्या पट्ट्याने
स्प्रिंग आवळून पाहिली.
पट्टा कुरकुरला, आणि मला तो जबडा आठवला.
मग गेले.

दार उघडून त्याने माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं.
"पुढचे?"
"पुढचे."
आत गेला तो बराच वेळ आलाच नाही.
आला तेव्हा चिंधीत गुंडाळलेला शिकंजा,
आट्यांना ताजं ग्रीस.

शेडमध्ये समोरासमोर बसलो, मध्ये स्प्रिंग.
दोन फेरे मी, दोन फेरे तो.
एकट्याने पुढे गेलं की ती वाकते.
"थांब."
"हं."
"आता तू."
एकेक वेटोळं दुसऱ्यावर बसत गेलं.
पीळ गेला नव्हता, नुसता धरून ठेवला होता;
आमच्याकडे तो सुंभ जळूनही जात नाही.
मग वरची बैठक सैल झाली, बोटाने फिरायला लागली,
एन्सिओने श्वास सोडला,
आणि मला कळलं मीही धरलाय.

उजवी बाजू लवकर उरकली.
रात्री दहाला, अजून उजेड होता,
त्याने बॉनेट दाबून सोडलं.
एकदा वर आली, थांबली.
त्याने पुन्हा दाबलं, उगाच.

स्टिअरिंग थोडं वाकडं बसलंय,
सोमवारी चाकं जुळवायला काजानीला जावं लागेल.
त्याचा शिकंजा त्याने पुसला, चिंधीत गुंडाळला,
आणि काखेत मारून निघाला.
शेडच्या दारातून म्हणाला,
मागचेही फार तर वर्षभर काढतील.