ऐकू आलं की बटण दाबायचं

काचेच्या खोलीत मला एकट्याला बसवलं
आणि ती मुलगी म्हणाली, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात,
ऐकू आलं की बटण दाबायचं,
इल्लंद्र सुम्म कूडरी.
नाहीतर गप बसा.

मी दाबलं.
लगेच परत दाबलं. दाबतच राहिलो.
दार उघडून ती म्हणाली,
काका, मी अजून आवाज सोडलाच नाही.

मग ते काय होतं, खटक् खट, खटक् खट?
वडगावातले माझे चार माग तर
शटर ओढून बंद करून आलो होतो.

एकोणतीस वर्षं धोटा इकडून तिकडे.
मागाच्या घरात कुणी बोलत नाही, ओरडतं.
पोराच्या बारशाचं आवतण ओरडून दिलं.
आई गेल्याचा निरोपही
भरमाण्णानं कानाशी तोंड आणून ओरडून सांगितला,
मी मान हलवली
आणि तुटलेला धागा आधी सांधला.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखा.
कानात बोळे घाला, साखर तपासून घ्या, रोज चाला.
चाला म्हणे!
या मागावरून त्या मागावर दिवसाला मी किती चालतो
ह्यांना काय ठाऊक.
तसं नव्हे, म्हणाले. काम नसताना चाला.
आणि एकटे नको.

म्हणून सकाळी सहाला येळ्ळूर रस्त्यानं
मी आणि मालन.
भात कापून झालेलं, शिवारात मसूर वीतभर आलेला,
लांब गडावर धुकं, त्याचं त्यालाच कळेना उठावं की बसावं.
तीन दिवस मी पुढं, ती मागं.
चौथ्या दिवशी वळून बघितलं
तर तिचे ओठ हलत होते.

कुणाशी बोलतीस गं?
तुमच्याशीच की, ती म्हणाली.
घरात पण बोलतेच की. फोडणी देताना, कांड्या भरताना.
तुम्हाला कुठं ऐकू येतंय.

आता ती माझ्या डाव्या अंगाला चालते.
डावा कान त्यातल्या त्यात बरा आहे.
म्हणाली, चंदगडचा भाऊ राखीलासुद्धा आला नाही.
म्हणाली, गुडघा जिना उतरताना जास्त दुखतो, चढताना नाही.
आणि ओढ्याच्या पुलावर, चालणं न थांबवता,
रात्री तीनला जाग येते मला.
उंबऱ्यावर जाऊन बसते.
रडू येतं. का येतं ते काही समजत नाही.

माझ्या बोटांना एकच ठाऊक,
तुटलं की टोक हुडकायचं, गाठ मारायची, माग सुरू.
तोंडात आलंच होतं, डॉक्टरला दाखवूया,
भावाला फोन लावतो, रात्री हळद घालून दूध पी.
पण टोक कुठं होतं?
सुम्म कूडरी, मी स्वतःला म्हटलं,
आणि तिच्याबरोबर नुसता चालत राहिलो
कुंपणातल्या करवंदीपर्यंत.

संध्याकाळी सातला आता माग बंद.
पोरगा कुरकुरतो, महिन्याला दोन साड्या कमी पडतात म्हणतो.
पडतात. त्याच्याही कानात मी बोळे घालायला लावले,
चार दिवस घातले, पाचव्या दिवशी खिशात सापडले.

काल रात्री जाग आली ती मलाच.
अंथरुणाची तिची बाजू गार,
दार किलकिलं.
जाऊन उंबऱ्यावर टेकलो, डावा कान तिच्याकडं करून.
कानात माग चालूच होते, ते आता मरेपर्यंत चालणार.
त्यांच्या पलीकडं काहीतरी बारीक असेल म्हणून
थांबलो बराच वेळ,
मग तिचा तळवा हातात घेतला
आणि अंगठा दाबला.

काय ओ?
ऐकू आलं, मी म्हणालो.

खुळे की काय, ती म्हणाली,
मी अजून काही बोललेच नाही.