तावदान

एप्रिलच्या सव्वीस तारखेला तो आला,
एकटा, दक्षिणेच्या वाऱ्यावर तिरका होत,
आणि गोठ्याच्या फुटक्या तावदानातून असा आत शिरला
की जणू सप्टेंबरात नुसता पाणी प्यायला बाहेर गेला होता.
तिन्ही गाईंनी मान वर केली, परत खाली घातली.
मी म्हटलं, आलास का रे फुकट्या.

शेपटीची एक तार लांब, दुसरी अर्ध्यात तुटलेली.
कुठे तुटली? वाळवंटात, समुद्रावर,
की दुसऱ्या नराशी भांडताना?
पाकोळ्यांच्या माद्या हेच बघतात म्हणे:
दोन्ही तारा सारख्या आहेत का, लांब आहेत का.
आमच्या मुहू बेटावर पोरी एवढं बघत नव्हत्या.
मी तरी फक्त त्याची होडी बघितली होती,
आणि तीही गळकी निघाली.

तो तुळईवर बसून गायला लागला.
बडबड, मध्येच घोगरी कुरकुर,
आणि शेवटी ती खर्रर्र,
गळाची फिरकी हातातून सुटावी तशी.
पहाटे चारला. दूध काढताना. दूध गाळताना.
मे उजाडला, इतर गोठ्यांत जोड्या जमल्या,
हा आपला गेल्या वर्षीच्या घरट्याच्या उरल्या ठशापाशी
रिकाम्या लाकडाला चोच टेकवून दाखवतोय:
ही जागा. बघ ना. इथे मांजर पोचत नाही.
दाखवतोय कुणाला? मला आणि गाईंना.

एन्डेल काच घेऊन आला.
शेजारी, चार वर्षं विधुर, मापात काटेकोर.
दर वसंतात हे तावदान बसवायचं ठरतं.
मी म्हटलं, आज नको.
तो म्हणाला, मागच्या वर्षीही आज नव्हतं.
काच भिंतीला टेकवून त्याने कॉफी घेतली,
आणि तेवढ्यात ती आली.

गळा विटकरी, पाठ शाईसारखी निळी.
आत एक फेरी, बाहेर. पुन्हा आत.
तो तिच्या मागे, तिच्या पुढे, शेपूट पसरून,
त्या तुटक्या तारेसकट. लपवली नाही त्याने.
ती तुळईवर बसली, जरा दूर.
मग जरा कमी दूर.
एन्डेलचा कप बशीवर वाजला,
मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून;
यांनी दोन्ही एकाच आठवड्यात काढलं.
पण चिखल कुठाय? तीन आठवडे पाऊस नाही.
ती जमिनीवर उतरायची, चोच मारायची, धूळ उडायची.
मी कुणाला काही बोलले नाही.
रात्री दहाच्या उजेडात गाईंच्या हौदाचा नळ
तेवढा बंद करायला विसरले.

सकाळी हौदाभोवती रबरबाट, आणि त्यात दोघं,
पंख वर धरून,
बाई चिखलातून जाताना घागरा उचलते तसे.
चोचीत मटाराएवढा गोळा, की वर. गोळा, की वर.
मधे वाळलं गवत, गाईच्या शेपटीचा केस.
शंभरावर मी मोजणं सोडलं.
थोडंच बांधतात, थांबतात, खालचं वाळू देतात.
सामूहिक शेतीच्या काळात हा गोठा
आम्ही नऊ दिवसांत उभा केला होता.
एक भिंत अजून पोट पुढे काढून उभी आहे.

पुढच्या रविवारी एन्डेल पुन्हा आला.
खिशात बदकाची पांढरी पिसं.
म्हणाला, अशीच चिकटून आली.
आतल्या खिशात? मी विचारलं नाही.
अंगणात उभं राहून त्याने मूठ उघडली.
पीस वर गेलं, वळलं, आणि तुटक्या तारेवाल्याने
ते हवेतच उचललं, सोडलं, पडू दिलं,
पुन्हा झेललं. तिला दिसावं म्हणून, दुसरं काय.
एन्डेल हसला. त्याचा वरचा एक दात नाही,
हे मला इतक्या वर्षांत आज दिसलं.

घरट्यात आता पाच अंडी आहेत, म्हणजे असावीत;
मी शिडी लावत नाही. ती बसते, तो राखण करतो,
माझ्याच गोठ्यात मला
डोक्यावरून झपकन येऊन दटावतो.

काच वाया जायला नको,
म्हणून काकडीच्या रोपांवर आडवी ठेवली आहे.
एन्डेल सकाळी येऊन एका बाजूने ती विटेवर टेकवतो,
संध्याकाळी येऊन खाली ठेवतो.
मी सांगितलं नव्हतं.