परवानगी

डोरीन हॅक्सबी, वय एकोणऐंशी, घर क्रमांक चौदा,
दारात उभ्या. "तुला कळतं ना कॉम्प्युटरमधलं?"
मला भूल देण्याच्या यंत्रांतलं कळतं,
ग्रिम्सबीच्या इस्पितळात नऊ वर्षं तेच करतोय.
पण आमच्या रंगाच्या माणसाला कॉम्प्युटर येतोच
हे या गल्लीनं केव्हाच ठरवून टाकलंय.
मी बूट चढवून गेलो.

सहाशे चाळीस पौंड गेले होते.
फोनवर केविन होता. फार अदबीचा, म्हणाल्या,
सारखं मॅम, मॅम.
आणि मग बिस्किटांच्या डब्याकडे बघत, हळूच,
"आवाज जरासा तुझ्यासारखा."
मी म्हणालो, साखर एकच चमचा.

ब्राउझर उघडला. त्याच्या कपाळावर पट्ट्यांवर पट्ट्या:
एक कूपनं शोधणारी, एक हवामान सांगणारी,
एक माउसच्या बाणाची मांजर करणारी,
आणि एक नुसतीच,
कशासाठी आलो ते तिलाही आठवत नसावं.
आत येताना प्रत्येकीनं विचारलेलं,
सगळ्या संकेतस्थळांवरची तुमची सगळी माहिती
वाचू? बदलू?
आणि डोरीनबाईंनी प्रत्येकीला हो म्हटलेलं.
दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं.

एकेक काढत गेलो.
मांजरीपाशी त्यांचा हात माझ्या मनगटावर.
"ही राहू दे."
बँकेचं पानसुद्धा वाचते हो ती.
"मांजर?"
मांजर.

मग रखवालदार निवडायचा.
एक फुकटातला, पण दर तासाला बोंब ठोकणारा:
धोका! धोका! सोनेरी योजना घ्या!
एक पहिल्या वर्षी एकोणीस पौंड,
दुसऱ्या वर्षापासून ब्याऐंशी, हे मुंगीच्या अक्षरात.
आणि एक हिरव्या ढालीचा,
खुद्द केविननं बसवून दिलेला.
कुंपणच शेत खातं, हे इंग्रजीत सांगून पाहिलं.
त्या म्हणाल्या, "कुंपण? ते तर मार्चच्या वादळात पडलं."

ऑपरेशन थिएटरमध्ये उठसूट वाजणाऱ्या यंत्राचा
आवाज कुणीतरी वैतागून बंद करतं,
आणि मग एके दिवशी ते खरोखरच
असो.
मी कमी बोलणारा निवडला. विंडोजबरोबर आलेला,
घरचाच, बिनपगारी.
जोडीला जाहिराती अडवणारं एकच एक्स्टेन्शन.
"घरातच होता, तर इतके दिवस झोपला होता का?"
झोपला नव्हता. केविननं त्याला भूल दिली होती.
हे काम मला कळतं.

आता नवा पासवर्ड.
मी खिडकीकडे तोंड केलं.
समोरच्या धुराड्यांवर सीगल बसलेले,
मासळीच्या बोटी कमी झाल्या तरी
त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.
"तूच टाइप कर ना. माझी बोटं बघ."
नको. कुणाला सांगायचा नाही. मलासुद्धा नाही.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
केविन असं म्हणाला नव्हता.
मग एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारत
टाइप करू लागल्या, नवऱ्याच्या बोटीचं नाव.
मी कानांत बोटं घातली.

तेवढ्यात फोन.
त्यांनी की-बोर्डवरचे हात उचलून पोटाशी धरले.
मी उचलला, आणि सवयीनं तोंडून गेलं,
"बोला."

पलीकडे आवाजांचं मोहोळ,
त्यातून एक श्वास अगदी जवळ आलेला.
गुड आफ्टरनून नाही. मॅम नाही.
मग इतक्या हळू, की मीच ऐकलं असेन,
"सॉरी, दादा."
आणि कट.

"कोण होतं रे?"
राँग नंबर, मी म्हणालो.
कोपऱ्यातली नवी ढाल काहीच बोलली नाही.
डोरीनबाईंनी गार चहा ओतून नवा केला,
आणखी एक चमचा साखर, असं विचारलं.
मी हो म्हणालो.