तिखट पेला

माघातला रविवार. नंदुरबारच्या बाहेर
मिरचीच्या पथाऱ्या, नजर पोचेल तिथवर लाल,
आणि त्या लालीच्या कडेला
पत्र्याच्या छपराखाली आमची उपासना.
आत शिरण्याआधी सगळेच शिंकतात.
पाळकही. प्रार्थनेत मध्येच थांबतात,
रुमाल काढतात, मग देवाला पुढचं सांगतात.

मी अकरा वर्षांनी आले होते.
मागच्या सतरंजीवर बसले, दाराजवळ,
म्हणजे निघता येईल.
शेजारच्या म्हातारीनं मला न्याहाळलं.
'कोनी पोर शे तू?'

हे सांगणं मला कधीच जमलेलं नाही.
सुरतेत खोलीमालक विचारायचा, कोण लोक तुम्ही?
मी म्हणायचे, नंदुरबारचे.
तो म्हणायचा, ते गाव झालं.
शाळेच्या दाखल्यावर एक लिहिलेलं,
आजीच्या तोंडी दुसरंच,
आणि शिवण नदीच्या डोहात पाळकांनी मला बुडवून वर काढलं
तेव्हा कानात पाणी होतं,
त्यांनी काय नाव घेतलं ते नीट ऐकूच आलं नाही.
सुरतेत रविवारी मी साड्यांच्या घड्या घालायचे.
रविवारी दर जास्त मिळायचा.

'शांतवन वळवीची,' मी म्हटलं.
'कोन्ता शांतवन? ढोल वाजाडे तो?'
'तोच.'
ती सरकली.
एक वीत, जास्त नाही.

मग भाकर आली, ज्वारीची, मोडलेली,
आणि मागून पेला. एकच, स्टीलचा,
कोणाच्या तरी लग्नाची तारीख कोरलेला.
ओठाला लावला आणि ओठ पेटला.
मला वाटलं, झाली शिक्षा सुरू.
डोळे उघडले तर पुढची सगळी रांग
तोंडानं वारा ओढत होती.
आठवडाभर देठं खुडणारी बोटं ती,
ताकानं धुवा, राखेनं घासा,
तिखट जात नाही.
पेल्याच्या काठावर तबीताबाईचा सोमवार होता,
एलीशेबाची रात्रपाळी होती,
पाळकांच्या बायकोचेही दोन तास.
मी तो सगळा प्याले.

उपासना सुटल्यावर रुबेनदादाकडून वही मागितली.
आधी 'सोडून गेलेले' हे पान काढलं.
तिथं मी नव्हते.
सभासदांत होते, एकविसावी,
पुढे अकरा वर्षांची वर्गणी, भरलेली.
सहीच्या जागी अंगठे,
दर वर्षी वेगळा,
काही शाईचे, काही नुसतेच लालसर.
'कोणी भरली?'
दादा चष्मा पुसत राहिला.
'आठवत नाही. ताटली फिरते.
आता तू आलीस तर तू भर.
छपराचे दोनशे वेगळे.'

सोमवारी पथारीवर बसले.
तबीताबाईनं पाटी सरकवली,
'डोयाले हात लावू नको.'
दहा वाजायच्या आत लावला.
रांजणाशी जाऊन रडत उभी राहिले,
आणि कोणी विचारलं नाही की का रडतेस.

पुढच्या रविवारी
पेला माझ्या हातून पुढे गेला.
दाराजवळ एक नवा मुलगा बसला होता,
शहादा रोडच्या गॅरेजवरचा म्हणतात, नखांत ग्रीस.
तो प्याला,
तोंड वाकडं केलं,
आणि चपलांकडे बघितलं.
मी एक वीत सरकले.