सोमवारी, पहिलं अंडं फुटण्याआधी

आमच्या लुगोत कुणी विचारत नाही, पास्त्यात अंडं आहे का.
पाणी ओलं आहे का, असं विचारतं कुणी?
किलोभर मैद्याला दहा अंडी, पिवळीधमक पोळी,
लाटून इतकी पातळ की पलीकडची खिडकी दिसावी,
हाच इथला कुळाचार.

आणि माझ्या पोटी निवेस आली.

दीड वर्षांची होती. आत्याच्या लग्नात
कुणीतरी लाडानं एक चमचा भरवला.
आधी ओठ सुजले, मग आवाज,
मग छातीतून एक शीळ.
अजून किटली उकळली की मी धावत जाते.

तेव्हापासून मी वाचते.
आधी कादंबऱ्या वाचायचे, आता खोक्यांच्या पाठी,
डोळ्यांत तेल घालून, दुकानातल्या निळसर दिव्याखाली.
ठळक अक्षरांत गहू. ठळक अक्षरांत अंडं.
आणि तळाशी, मुंगीच्या पावलांएवढं:
अंश असू शकतात.
असू शकतात म्हणजे? किती? कुठल्या नळीत?
या वाक्यामागे ना माणूस, ना पत्ता.

गेल्या मार्चात तेच खोकं उचललं,
तोच निळा रंग, तीच गव्हाची ओंबी,
चार वर्षं घेत होते.
रांगेत उभी असताना केवळ सवयीनं उलटं केलं.
एक शब्द नवा होता.
बेल न वाजवता आत येऊन बसलेला.

खोकं परत ठेवलं.
हात कुठे ठेवावेत ते कळेना.
मागच्या बाई म्हणाल्या, सिन्योरा, झालं का तुमचं?

मग इओलांदाकडे गेले, कोपऱ्यावरच्या.
“बिनअंड्याचा? करते की. गरिबाघरचा, पीठ आणि पाणी.
स्त्रोत्साप्रेती.”
“कुठल्या पोळपाटावर?” मी विचारलं.
तिचे हात थांबले.
“माझ्या आईचा पोळपाट आहे. रोज घासते मी.”
घासते, हे मला माहीत होतं.
पण लाकडाला भेगा असतात.
मी रिकाम्या हाती निघाले, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं
की निवेसची आई इओलांदाला घाणेरडी म्हणाली.

दुधानं तोंड पोळलेली ताक फुंकून पिते, ठीक आहे.
ताकवालीला काय वाटत असेल?

तीन आठवडे मी त्या गल्लीतून गेले नाही.
मग तिचा भाचा एर्मेते दारात आला:
मावशीनं बोलावलंय, सोमवारी, सहाला, पोरीला घेऊन.

सोमवारी दुकान बंद असतं.
अंड्यांचे ट्रे बाहेर, गाडीतच.
नवा पोळपाट, पांढरट, अजून सुताराचा वास असलेला.
नवं लाटणं. इस्त्रीचा ॲप्रन.
पिठाचं पोतं न फोडलेलं.
“वाच,” ती म्हणाली.
मी तिच्यासमोर वाचलं, शेवटच्या अक्षरापर्यंत,
आणि ती थांबली, तोंडातून एक शब्द न काढता.

मग पट्ट्या कापल्या, तळव्यांत पीळ घालत गेली,
निवेसलाही शिकवलं.
“याचं नाव असं का?”
“पाद्र्याचा गळा आवळणारे. पूर्वी म्हणे पाद्री फुकट जेवायला यायचे,
आणि इतक्या घाईनं गिळायचे की...”
इओलांदानं डोळे फिरवून, जीभ काढून दाखवलं.
दुसऱ्यांच्या गळ्यासाठी ठेवलेलं नाव,
आणि अख्ख्या गावात हाच एक पास्ता माझ्या पोरीच्या गळ्याला चालणारा!

उकळून, तेल घालून, पहिली वाटी.
निवेसला पाद्री आठवला, ती हसली,
हसता हसता ठसका लागला,

आणि आम्ही दोघी जागच्या जागी.
माझा हात पिशवीत, इंजेक्शनवर.
घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

नुसता ठसका होता. हसण्याचा.
तिनं अजून मागितलं.

इओलांदा स्टुलावर बसली, पिठाचे हात मांडीवर उपडे टाकून.
“तू रोज अशी जगतेस?”

मी वाटी भरली.
म्हटलं, पुढच्या सोमवारी पीठ याच गिरणीचं ना?